लातूर ते नांदेड, मार्गे प्रसूतिगृह

काका गेले तो सोमवार होता. मी ग्रंथालयात होते. साडेअकराला फोन आला. मी रजिस्टर मिटलं, किल्ल्या शिपायाकडे दिल्या आणि रिक्षाने घरी आले. दारात चपला होत्या. काकू ओट्याजवळ उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "गेले."

मला लिहायला वेळ लागतो. एका ओळीवर दुपार घालवते आणि संध्याकाळी ती खोडते. काकांना हे आवडलं नसतं. गाडी फलाटावर फार वेळ उभी राहिली की ते अस्वस्थ व्हायचे. तेव्हा निघते.

काका म्हणजे आमचे घरमालक. नांदेडला आम्ही त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. ते एसटीत कंडक्टर होते आणि जवळजवळ सगळी नोकरी त्यांनी लातूर–नांदेड या एकाच रस्त्यावर केली. आम्ही राहायला आलो तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण ते नोकरीतून निवृत्त झाले होते, गाडीतून उतरले नव्हते.

घरात ते पाय फाकवून उभे राहत. एका हातात चहाचा कप, दुसरा हात वर, फडताळाच्या कडेला. स्वयंपाकघराला कधी ब्रेक लागेल याचा भरवसा नाही, अशा बेताने. काकू म्हणत, "आवो, बसा की. घर हाय हे, कुठं पळून नाही चाललं." पाहुणे दारात घुटमळले की काका म्हणत, "पुढं सरका, पुढं सरका, मधी लई जागा हाय." बैठकीत तेव्हा एक टीपॉय आणि एक मांजर एवढंच असे.

वेळ ते मिनिटांत मोजत नसत. चहा व्हायला लोहा ते सोनखेड एवढा वेळ लागे. काकूंची भाकरी म्हणजे विष्णुपुरी ते नांदेड. घरातून कोणी निघालं की ते फाटकाच्या लोखंडी गजावर दोन टोले देत. दोन टोले म्हणजे चला. माझा नवरा किल्लारीला शाळेत शिक्षक आहे. शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. त्याला या टोल्यांची इतकी सवय झाली की एकदा काका आंघोळीला गेलेले असताना तो स्टँडवर जायला स्कूटर चालू ठेवून फाटकात तसाच उभा राहिला. शेवटी काकू उलथनं घेऊन बाहेर आल्या, गजावर दोनदा आपटलं आणि म्हणाल्या, "जा बाबा आता. एकाला आवरताना जीव चाललाय, त्यात तू दुसरा."

काकांचं त्याच्याबद्दलचं मत चांगलं होतं. मला म्हणत, "तुमचे मालक बरे पॅसेंजर हायत. खिडकीसाठी भांडत न्हाईत."

तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा त्यांनी स्वतःजवळ ठेवला होता. विचार करताना तो खिशात कटकट वाजे. वाचलेल्या कागदाला भोक पाडायची त्यांची पद्धत होती. लग्नपत्रिका, वीजबिल, वर्तमानपत्राचं प्रत्येक पान. हे मला आधी माहीत असतं तर मी त्यांना ग्रंथालयातलं प्रवासवर्णन वाचायला दिलं नसतं. त्यांनी ते आठ दिवसांत वाचून परत केलं. दोनशे बारा पानं आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक गोल भोक. मी पानं उलटून पाहत गेले. ते म्हणाले, "आता कुणी बी तपासू द्या. एक पान सोडलं न्हाई." मी ग्रंथालयाला नवी प्रत भरून दिली.

असं असूनही काका नियम मोडणारे नव्हते. उलट होते. स्वतःच्या सासूबाईंना त्यांनी भरल्या गाडीत शेळीचं तिकीट काढायला लावलं होतं, आणि काकूंनी ते त्यांना कधीही माफ केलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की नियम पाळायचाच, पण आधी वाचायचा. "निम्म्या लोकांनी वाचलेलाच नसतोय. अन् ज्यानं लिवला त्यानं तर बिलकूलच न्हाई."

मला दिवस गेले तेव्हा पहिला प्रश्न माहेरचा आला. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. माझी आई नाही. हिमायतनगरला वडील आणि भाऊ, घरात बाईमाणूस कोणी नाही. मी हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझं माहेर खाली हाय. सातव्या महिन्यात दहा पायऱ्या उतरून यायचं."

मी पुस्तकं वाचणारी. दिवस गेल्यावर मी त्याच विषयावरची पुस्तकं वाचली आणि वहीत एक यादी केली. ती वाढत दोन पानं झाली. कळा सुरू झाल्यावर मला चालू द्यावं. पाणी प्यायला द्यावं. ऑपरेशनची गरज पडली तर जरूर करावं, पण आधी मला सांगावं. मूल झाल्यावर ते आधी माझ्याजवळ द्यावं. आणि कोणीतरी एक बाई पूर्ण वेळ माझ्याजवळ असावी. बाकीचं सगळं गेलं असतं तरी मला चाललं असतं, हे शेवटचं नाही. माझी आई अतिदक्षता विभागात गेली तेव्हा आम्ही सगळे काचेच्या बाहेर उभे होतो. तिथला नियम तसा होता. मला दुखण्याची भीती होती, पण एकटीने दुखण्याची त्याहून जास्त होती.

दवाखाना खाजगी होता, तीन मजल्यांचा. तिथल्या मोठ्या सिस्टरना मी ती दोन पानं दिली.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"माझी विनंती आहे. बाळंतपणाबद्दल."

"अहो मॅडम, इथं बायका येतात आणि बाळंत होतात. विनंती वगैरे कोणी आणत नाही."

त्यांनी माझी पानं चहाच्या ग्लासाखाली ठेवली आणि मला त्यांचा कागद दिला. त्यावर चौदा नियम होते. एका रुग्णासोबत एकच नातेवाईक. तो तळमजल्यावर बसेल. बाहेरचे अन्न आणू नये. मोबाइल बंद. पुरुषांनी भेटीच्या वेळेतच, म्हणजे पाच ते सहा, वर यावे. रुग्णाने मोठ्याने ओरडू नये. नातेवाईकांनी कर्मचाऱ्यांना 'किती वेळ लागेल' असे विचारू नये.

संध्याकाळी तो कागद मी काकांना दाखवला. ते चष्मा लावून उभ्याउभ्या वाचायला लागले. प्रत्येक नियमासमोर एक भोक. 'किती वेळ' या नियमावर ते खूश झाले. "हे बराबर हाय. पॅसेंजर सारखं विचारतेत, कधी पोचणार, कधी पोचणार. पोचल्यावर कळतंयच की." मग सातव्या नियमावर चिमटा थांबला. 'प्रसूतीच्या खोलीत रुग्णाशिवाय कोणासही प्रवेश नाही.'

"कुणालाच न्हाई?"

"नाही."

"सोबतीला एखादी बाई?"

"नाही, काका."

"कामून?"

"नियम आहे."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे ही विनावाहक गाडी झाली."

एसटीच्या काही गाड्या कंडक्टरशिवाय धावतात. त्यांच्या पाटीवर विनावाहक असं लिहिलेलं असतं. काका त्या गाड्यांकडे पाहतसुद्धा नसत. रस्त्यात दिसली तर मान फिरवत.

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. गल्लीत ती सगळ्यांना पाठ होती, मी पहिल्यांदा ऐकत होते. माळाकोळीच्या अलीकडे चालत्या गाडीत एका बाईला कळा सुरू झाल्या. ड्रायव्हर म्हणाला, लोह्यापर्यंत पळवतो. काकांनी एक टोला दिला. एक टोला म्हणजे थांबा. सगळे पुरुष खाली उतरवले आणि रस्त्याच्या कडेला गाडीकडे पाठ करून रांगेत उभे केले. "एकजण वळून बघायला लागला. त्याला म्या नांदेडपर्यंत शीट दिलं न्हाई." गाडीत सहा बाया राहिल्या. एक मुदखेडची, लग्नाला निघालेली. एक मुसलमान म्हातारी, तिने सगळा ताबा घेतला. एक नुसती त्या बाईचा हात धरून बसली, तिला दुसरं काही येतच नव्हतं. पोरगं झालं.

"सहा बाया," काका म्हणाले. "एकीची एकीला वळख न्हाई. एश्टीत सहा चालल्या, अन् फरशीच्या खोलीत एक चालंना?"

दुसऱ्या दिवसापासून काका दुपारी जेवून दवाखान्यात जाऊन बसायला लागले. तळमजल्यावर, नातेवाइकांच्या बाकावर. वॉचमनने विचारलं, "कुणाचे तुम्ही?" काका म्हणाले, "अजून कुणाचाच न्हाई. पुढल्या महिन्यात होणार." चार दिवस बसून त्यांनी सगळी माहिती आणली. "तीनला ड्युटी बदलती. दुसरी सिस्टर कधीच टायमावर येत न्हाई. वर एक सिस्टर, एक मावशी, तीन पलंग. एका कंडक्टरकडं तीन गाड्या. कसं व्हायचं सांगा."

पाचव्या दिवशी मला सोबत घेऊन ते मोठ्या सिस्टरसमोर उभे राहिले.

"नमस्कार सिस्टर. मी घरमालक."

"रुग्णाचे कोण?"

"घरमालक."

"ते कळलं. नातं काय?"

"वरचा मजला," काका म्हणाले.

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"माझी बायको हिच्याजवळ बसंल, एवढंच म्हणणं हाय."

"त्या नात्यात आहेत का?"

"नात्यातल्या बाया भांडतेत, सिस्टर. ही कुणाशी भांडत न्हाई. मला सोडून."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, ऐका. पूर्वी आम्ही सोडत होतो आत. एक बाई आली की ती रडते. दुसरी अंगारा लावते. तिसरी मला शिकवते, असं ओढा, तसं दाबा. एकीला तर चक्कर आली, मग मी पेशंट बघू का तिला बघू? मी एकटी असते हो."

काकांनी नमस्कार केला. आम्ही घरी आलो. काकूंनी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "ती बाई बराबर बोलून राहिली." आणि चिमटा वाजवत गच्चीवर गेले.

ते खाली आले तेव्हा त्यांच्याजवळ योजना होती. बाया सहाच हव्या होत्या, सहाच्या खाली ते उतरायला तयार नव्हते. मी म्हटलं, काका, एकीलाही सोडत नाहीत. ते म्हणाले, "गाडी भरली असं ड्रायव्हरनं म्हणायचं असतंय. कंडक्टरनं न्हाई." काकू धरून गल्लीतल्या सहा जणी त्यांनी निवडल्या. त्यांत अंगणवाडीच्या मॅडम होत्या, समोरच्या घरातल्या खाला होत्या, पिठाच्या गिरणीच्या मालकीणबाई होत्या. त्यांचा ड्युटी चार्ट तयार झाला. प्रत्येक शिफ्टला तीन, पलंगामागे एक. आणि तीन अटी: रडायचं नाही, अंगारा लावायचा नाही, सिस्टरला शिकवायचं नाही.

मग तालमी सुरू झाल्या. मी बैठकीत दिवाणावर पडायचं. शेजारी खुर्ची. काका डोक्याला काकूंचा पांढरा टॉवेल बांधून सिस्टर व्हायचे. एकेक बाई यायची, खुर्चीवर बसायची आणि माझा हात धरायची. अट मोडली की काका शिट्टी वाजवायचे. गिरणीच्या बाई पहिल्याच मिनिटाला म्हणाल्या, "माझ्या जावेला तर जुळं झालं होतं बाई, आणि दुसरं..." शिट्टी. "नापास. खाली उतरा." त्या चिडल्या. "मी काय वाईट सांगून राहिले का? दोन्ही पोरं चांगली हायत!" काका म्हणाले, "हायत ना? मग बारशाला सांगा." खाला मात्र पहिल्याच फेरीत पास झाल्या. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे त्या फार बोलत नसत.

माझी दोन पानंही त्यांनी हातात घेतली. "हे लई लांब हाय, ताई. गाडीच्या पाटीवर माणूस एवढं वाचत असतंय का?" त्यांनी पुठ्ठ्याच्या एका पाटीवर लाल रंगात लिहिलं:

घर – दवाखाना – घर
मार्गे: पाणी, चालणे, सोबत
सिझर: गरज पडली तरच, आधी सांगून
उतरल्यावर बाळ आईकडे

मी ते तीनदा वाचलं. माझ्या दोन पानांतलं काही सुटलं नव्हतं. मी एवढी शिकलेली, पण मला ते चार ओळींत जमलं नव्हतं.

पाटी रंगवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ते सेंटिमीटर का काय म्हणतेत, ते किती असतंय?"

"दहा. दहा झालं की मूल येतं."

ते बोटांवर मोजायला लागले. लातूर, आष्टामोड, चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळाकोळी, लोहा, सोनखेड, विष्णुपुरी, नांदेड. "दहा थांबे! बराबर दहा." त्यांचा चेहरा उजळला. "सेंटिमीटर कुणाला कळतंय? चाकूर सगळ्यांना कळतंय."

तो दिवस गुरुवार होता. सकाळी आठला कळा सुरू झाल्या. मी नवऱ्याला फोन केला, तो किल्लारीहून निघाला. दहाला आम्ही दवाखान्यात पोचलो. आम्ही म्हणजे मी, काका, पाटी आणि सहा बाया, डबे घेऊन.

वॉचमन म्हणाला, "एकच."

"एकच येणार," काका म्हणाले. "एका टायमाला एकच."

"मग ह्या पाच?"

"ह्या वेटिंगवर."

वॉचमनने पाच जणींना बाहेर काढलं. त्या कंपाउंडच्या बाहेर कडुनिंबाखाली सतरंजी टाकून बसल्या. काकूंना तळमजल्यावरच्या बाकावर बसवलं. काकांना तो आता ओळखत होता, त्यांना त्याने हटकलं नाही. आणि मी पाटी घेऊन, जिना चढून एकटी वर गेले.

खोलीत तीन पलंग होते. एकावर मुदखेडची एक मुलगी होती, वीसेक वर्षांची, ती आईला हाका मारत होती. दुसऱ्यावरची बाई पलंगाचा गज धरून भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिसरा माझा. मोठ्या सिस्टर होत्या आणि एक मावशी. फोन खाली ठेवलेला. वर पंखा. ज्याची भीती वाटत होती ते हेच.

सिस्टरांनी तपासलं. "तीन."

"चाकूर," मी पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"चाकूर म्हणालात ना? तुमच्या काकांनी मला मागच्या आठवड्यात अर्धा तास समजावून सांगितलंय." त्यांनी पाटी माझ्या फाइलला लावली. "माझं माहेर शिरूर ताजबंदचं आहे. तिथं लवकर पोचा म्हणजे झालं."

खाली काकांनी आपलं काम सुरू केलं. किती वेळ लागेल असं विचारायचं नाही, हा नियम त्यांनी कटाक्षाने पाळला. मावशी जिन्यात दिसल्या की ते फक्त विचारायचे, "कुठपर्यंत?" दुसरीकडे नवऱ्याला फोन. तो लातूरला नांदेडच्या गाडीत बसला होता. मावशी वर येऊन मला सांगायच्या, "तुमचे मालक आष्टामोडला, तुम्ही चाकूरला. तुम्ही पुढं हायत म्हणून सांगितलंय." मला हसू आलं आणि त्याच वेळी कळ आली. ते दोन्ही एकदम झाल्यावर काय करायचं हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

शिरूर ताजबंद गेलं. अहमदपूरला मात्र गाडी अडकली. एक वाजला, दोन वाजले, पाच म्हणजे पाचच. नवऱ्याची बसही अहमदपूरला बंद पडली आणि दुसरी गाडी येईपर्यंत प्रवासी उतरून उभे राहिले, असा निरोप आला. मग निरोपही यायचे थांबले, कारण मावशींना औषधाच्या दुकानात पाठवलं होतं. कळा आता वाढल्या होत्या. मी पाणी मागितलं. सिस्टर भिंतीकडे तोंड केलेल्या बाईजवळ होत्या, तिचं मूल यायच्या बेतात होतं. मुदखेडची मुलगी ओरडत पलंगावरून खाली उतरायला लागली. "मला घरी जायचंय. मला सोडा." सिस्टर धावल्या, तिला धरलं, तिकडून दुसरी विव्हळली, त्या परत वळल्या. मी पुन्हा पाणी म्हटलं. माझा आवाज मलाच आला नाही. तीन वाजून गेले होते. ड्युटी बदलणारी दुसरी सिस्टर आलेली नव्हती.

मोठ्या सिस्टर खोलीच्या मध्ये उभ्या राहिल्या. तीन पलंगांकडे एकदा पाहिलं. मग जिन्याशी गेल्या आणि खाली वाकून ओरडल्या, "काका! त्या तुमच्या बाया आहेत का अजून?"

"हायत!"

"तीन पाठवा. न बोलणाऱ्या. आणि कँटीनमधून तीन स्टूल आणा, पलंगावर कोणी बसायचं नाही!"

काकांची हाक मला वर ऐकू आली. "पहिली शिफ्ट, वर!" आणि जिन्याच्या कठड्यावर दोन टोले.

तीन बाया आल्या. हातपाय धुऊन, स्वतःचं स्टूल स्वतः घेऊन. खाला मुदखेडच्या मुलीजवळ बसल्या आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला. ती ओरडली तरी खालांवर काही परिणाम होत नव्हता, आणि थोड्या वेळाने ती ओरडायची थांबली. अंगणवाडीच्या मॅडम भिंतीकडच्या बाईजवळ गेल्या. ती बाई पहिल्यांदा इकडे वळली. काकू माझ्याजवळ बसल्या, पाण्याचा पेला माझ्या तोंडाला लावला आणि गप्प राहिल्या.

दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम आल्या तेव्हा दारातच थांबल्या. "सिस्टर, हे काय?"

"ड्युटीवर आहेत, मॅडम," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

मॅडमनी खोलीभर नजर फिरवली. "गडबड झाली तर सगळ्या बाहेर," त्या म्हणाल्या आणि हातमोजे घालायला लागल्या.

गडबड झाली नाही. भिंतीकडच्या बाईला मुलगा झाला. मी माळाकोळीला पोचले. काकू अजून गप्पच.

"काकू, बोला ना काहीतरी."

"यांनी बोलू नको म्हणून सांगितलंय," त्या कुजबुजल्या.

"तरी बोला."

त्यांनी सिस्टरकडे चोरून पाहिलं आणि माझ्या कानाशी वाकल्या. "माझी पोरगी झाली ना, तवा हे गाडीवर होते. मी एकलीच. घरात दुसरं कुणी नव्हतं. ह्यांना कसं कळालं माहीतंय का? समोरनं येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं खिडकीतनं मुंडकं काढून वरडून सांगितलं, पोरगी झाली! तवर दोन्ही गाड्या निघून बी गेल्या. गाडीतल्या समद्या लोकांनी ह्यांना पेढे मागितले. हे घरी आले दुसऱ्या दिवशी. अन् दारातच उभे. आत येईनात. म्हणले, मी नव्हतो. धा वेळा तेच. मी नव्हतो, मी नव्हतो. मग म्याच म्हणलं, आता या की, पुढं सरका, मधी लई जागा हाय."

मी हसले आणि रडले. काकूही हसल्या आणि मग पदराने तोंड दाबलं, कारण सिस्टर बघत होत्या. शिट्टी वाजवायला तिथं कोणी नव्हतं.

पावणेपाचला मुलगी झाली. सिस्टरांनी पाटीकडे पाहिलं आणि तिला आधी माझ्याजवळ दिलं. नवरा तेव्हा सोनखेडला होता. काकांनी त्याला फोनवर सांगितलं, "मालक, तुमची गाडी हारली."

ते स्वतः मात्र वर आले नाहीत. पुरुषांनी पाच ते सहा या वेळेतच यायचं होतं. पाचच्या ठोक्याला ते जिन्याने वर आले आणि दारात उभे राहिले. काकू त्यांच्याकडे पाहत होत्या. ते आत आले, पाय फाकवून उभे राहिले, एका हाताने सलाइनचा खांब धरला आणि मुलीला विचारलं, "बसली का नीट?"

नंतर सिस्टर आल्या. त्यांनी काकांना बाजूला घेतलं. त्या मला आणखी एखादा नियम ऐकवणार असं वाटलं. त्या म्हणाल्या, "काका, उद्या दोन बाया भरती होणार आहेत. चार्ट आहे का उद्याचा?"

चार्ट होता. परवाचाही होता. गल्लीतल्या बायांनी ती ड्युटी कितीतरी दिवस केली. गिरणीच्या बाईंनी फेरपरीक्षा दिली आणि पास झाल्या. पुढे डॉक्टर मॅडमनी बाळंतिणीच्या घरच्या एका बाईला आत सोडायला सुरुवात केली आणि काकांच्या बायांची गरज उरली नाही. नियमांच्या कागदावरचा सातवा नियम कोणीतरी पेनने खोडला. काकांना ते पटलं नाही. ते तो कागद घेऊन थेट मॅडमसमोर गेले. "अशी खाडाखोड चालत न्हाई, मॅडम. सही पाहिजे." मॅडमनी खोडलेल्या ओळीशेजारी सही केली. मगच त्यांनी त्या नियमाला भोक पाडलं.

काका जाऊन आता दोन महिने झाले. मुलगी अंगणवाडीत जाते. काकू दोन वेळचं जेवण आमच्याबरोबर करतात.

मागच्या आठवड्यात ग्रंथालयातली माझी सहकारी बाळंत झाली. तिला बघायला मी त्याच दवाखान्यात गेले. मोठ्या सिस्टर अजून तिथेच आहेत. प्रसूतीच्या खोलीचं दार उघडं होतं. आत तीन पलंग आहेत. प्रत्येक पलंगाशेजारी एक स्टूल आहे.